मुक्ताईनगरवरून जाणारी पावले

भुसावळ सोडून पूर्वेकडे निघाले की वरणगावची आयुध निर्माणी मागे पडते आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना केळीच्या बागा व कपाशीची शेते दिसू लागतात. वाहनाने गेल्यास तासाभराच्या आत मुक्ताईनगर येते. जुन्या माणसांच्या तोंडी हे गाव अजूनही एदलाबादच आहे. जुन्या उताऱ्यांवर आणि कपाटाच्या तळाशी जपून ठेवलेल्या गहाणखतांवरही तेच नाव सापडते. गुजरातच्या किनाऱ्याकडून निघून धुळे, जळगाव, अकोला, नागपूर करीत थेट कोलकात्याकडे जाणारा महामार्ग गावाला स्पर्शून जातो. त्याचा जुना क्रमांक ६ होता, आता या भागात तो ५३ झाला आहे. तरसोद ते चिखली या टप्प्यात तो चौपदरी झाला, प्रवास सुखाचा झाला. मात्र रुंदीकरणात रस्त्याकडेची बरीच जुनी झाडे गेली. मोटारीत बसलेल्याला त्याची खंत क्षणभरच वाटते. चालणाऱ्याला ती पावलोपावली जाणवते.

आणि या रस्त्यावर चालणारी माणसे आजही आहेत.

भुसावळहून मुक्ताईनगर गाठायला त्यांना दोन-तीन दिवस लागतात. त्यांत कधी दिंडीतले वारकरी असतात, तर चातुर्मास संपल्यानंतरच्या आठ महिन्यांत खानदेशातून विदर्भाकडे किंवा विदर्भातून खानदेशाकडे विहार करणाऱ्या महासतीजी असतात. पांढरी वस्त्रे, मुखावर मुहपत्ती, हातात रजोहरण, पाठीवर पोथ्या आणि झोळीत लाकडी पात्रे असे तीन-चार जणींचे ते लहानसे मंडळ रस्त्याच्या कडेने खाली पाहत चालत असते. पुढच्या साडेतीन हात भूमीवर दृष्टी ठेवून चालावे ही ईर्यासमितीची शिकवण. मालमोटारींचा वारा अंगावरून जातो, तरी ती दृष्टी सहसा वर उठत नाही. त्यांतील एखादी चेहऱ्यावरून वीस-बावीस वर्षांचीच दिसते. रस्त्यालगतच्या थांब्यावर एस.टी.ची वाट पाहणाऱ्या महाविद्यालयीन मुली तिच्याकडे पाहतात, कारण ती त्यांच्याच वयाची असते.

त्या वयाशी या भूमीचे नाते जुने आहे. मुक्ताबाईंचा जन्म शके १२०१ चा, म्हणजे इ.स. १२७९ चा मानला जातो. शके १२१९, इ.स. १२९७ च्या वैशाखात, वद्य पक्षात, तापीच्या परिसरात त्या अंतर्धान पावल्या अशी परंपरा सांगते. वीज कडाडली आणि स्वरूप स्वरूपात मिळाले, असे ते वर्णन केले जाते. वय अवघे अठरा. आईवडील लहानपणीच गेलेले. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान या तीन भावंडांबरोबर ही मुलगी आळंदी, पैठण, नेवासे असे चालली आणि ज्ञानदेव व सोपानदेव यांच्या समाधीनंतर निवृत्तिनाथांसह उत्तरेकडे तापीतीरी आली. वयाने आणि योगसामर्थ्याने थोर समजल्या गेलेल्या चांगदेवांनी या मुलीला गुरू मानले. त्यांच्या नावाचे चांगदेव हे गाव येथून जवळच, तापी आणि पूर्णा यांच्या संगमावर आहे. तेथील दगडी मंदिर भारतीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. तापीकाठचे मेहूण, पूर्णाकाठचे कोथळी आणि खुद्द मुक्ताईनगर या तिन्ही ठिकाणी मुक्ताबाईंची मंदिरे आहेत. कोथळीचे ते जुने मंदिर आणि मुक्ताईनगरचे नवे मंदिर, असे लोक सहज बोलतात. खाली भुसावळ तालुक्यात तापीवर हतनूर धरण झाले. त्याच्या ४१ दरवाजांमागे अडलेले पाणी संगमापर्यंत फुगून येते; पूर्वीचे वाळवंट, घाट, नदीतली वाट यांतले बरेच त्याखाली गेले. महाशिवरात्रीच्या यात्रेला मात्र गर्दी लोटतेच. ज्येष्ठाच्या आरंभी मुक्ताईंची पालखी कोथळीहून पंढरपूरला निघते. बुलढाणा, जालना, बीड अशी महिन्याहून अधिक काळ चालणारी ही वारी पंढरीच्या मानाच्या पालख्यांमध्ये फार लांबून येणारी गणली जाते.

या भागात गळ्यात तुळशीची माळ असलेली घरे पुष्कळ आहेत आणि या गोष्टीचा महासतीजींच्या विहाराशी फार जवळचा संबंध आहे. मलकापूरच्या दिशेने निघाल्यावर मधल्या लहान गावांत जैन घर असेलच असे नाही. असले तरी एका घरातून सर्वांचा आहार घेणे मर्यादेत बसत नाही. अशा वेळी माळकऱ्याचे स्वयंपाकघर उपयोगी पडते. तेथे मांस-मद्य नाही, एकादशी पाळली जाते, दारी आलेल्याला विन्मुख पाठवायचे नाही हा संस्कार आहे. लेवा पाटील घरातली म्हातारी आपल्या गणबोलीत आग्रह करते. राजस्थानातून आलेल्या साध्वीजींना त्यातले निम्मेच शब्द कळतात, तरी अर्थ पूर्ण पोहोचतो. म्हातारीला मात्र एका गोष्टीचे नवल वाटते. खानदेशाची शान असलेले वांग्याचे भरीत या पात्रात पडत नाही. वांगे बहुबीज आहे हे तिला कोणी तरी समजावून सांगते. ती मान डोलावते, पण तिला ते पटलेले नसते.

तरुण साध्वीचा दिवस पहाटेच्या अंधारात सुरू होतो. रात्रीच्या दोषांचे प्रतिक्रमण, मग सूर्योदयानंतर वस्त्र-पात्रांचे प्रतिलेखन आणि विहार. दहा-बारा किलोमीटर चालून मुक्काम गाठला की सामान उतरवून आधी जागा पाहायची, पुंजून घ्यायची. दुपारी गोचरी. त्यानंतर स्वाध्याय, कधी गावातल्या श्राविकांशी धर्मचर्चा, मुलांना सामायिकाचे पाठ. चौथ्या प्रहरी पुन्हा प्रतिलेखन, सूर्यास्तापूर्वी आहार-पाणी आटोपणे, मग सायंकाळचे प्रतिक्रमण. उत्तराध्ययन सूत्राच्या सव्विसाव्या अध्ययनात दिवसाचे आणि रात्रीचे चार-चार प्रहर वाटून दिले आहेत. रात्रीच्या चारांपैकी झोपेच्या वाट्याला एकच प्रहर येतो. प्रत्यक्षात देहाची गरज पाहून थोडे कमी-अधिक होत असेल, पण चौकट तीच आहे. यात अभ्यासही असतो. दशवैकालिक कंठस्थ करायचे, संस्कृत-प्राकृतचे व्याकरण घ्यायचे. पाथर्डीच्या तिलोक रत्न स्थानकवासी जैन धार्मिक परीक्षा बोर्डाची नावे महाराष्ट्रातल्या श्रावक घरांना परिचित आहेतच. ज्या आचार्यांच्या प्रेरणेशी ते बोर्ड जोडलेले आहे, त्या आनंदऋषीजी महाराजांनी १९१३ मध्ये नगर जिल्ह्यातील मिरी येथे दीक्षा घेतली तेव्हा त्यांचे वय तेरा वर्षांचे होते.

ज्या घरांतली मुले नोकरीनिमित्त अमेरिकेत स्थायिक झाली आहेत, अशी घरे आज जळगाव-भुसावळकडे थोडी नाहीत. नातवंडांसाठी सहा महिने तिकडे राहून आलेल्या आजी-आजोबांना एक दृश्य ठाऊक असते. दारावरची घंटा वाजते. उघडून पाहावे तर पांढरा सदरा, टाय, छातीवर काळी नामपट्टी लावलेले दोन गोरे मुलगे उभे. मिसरूड जेमतेम फुटलेले, आणि नामपट्टीवर नावाआधी ‘एल्डर’, म्हणजे ज्येष्ठ! हे मॉर्मन पंथाचे प्रचारक. १८३० मध्ये न्यूयॉर्क राज्यात जोसेफ स्मिथ यांनी स्थापन केलेल्या या ख्रिस्ती पंथाचे केंद्र आज युटा राज्यात सॉल्ट लेक सिटी येथे आहे. पंथातील मुलगे अठराव्या वर्षापासून दोन वर्षांसाठी घर सोडून जातात. मुलीही जातात, त्यांचा काळ दीड वर्षाचा. जगभर असे सत्तर हजारांहून अधिक तरुण एकाच वेळी फिरत असतात. कोठे जायचे हे त्यांनी निवडायचे नसते. पत्र येते आणि त्यात जे नाव असेल तिकडे निघायचे. काही आठवड्यांच्या प्रशिक्षणात परक्या देशाची भाषा घोकायची. अशा पन्नासहून अधिक भाषा तेथे शिकविल्या जातात. खर्चाचा भार बहुतांशी स्वतःवर आणि कुटुंबावर असतो. त्यासाठी अनेक घरांत मूल लहान असल्यापासून पैसे साठवले जातात. आपल्याकडे मुलीच्या लग्नासाठी आवर्ती ठेव उघडतात, तशीच ही तरतूद. फक्त हेतू वेगळा.

त्यांचाही दिवस आखलेला असतो. सकाळी साडेसहाला उठणे, व्यायाम, प्रार्थना, एकट्याने आणि जोडीदाराबरोबर धर्मग्रंथांचा अभ्यास, मग दिवसभर रस्त्यावर किंवा लोकांच्या घरी, रात्री साडेदहाला दिवा बंद. चित्रपट नाही, प्रेमप्रकरण नाही. चहा, कॉफी, मद्य, तंबाखू हे तर पंथातल्या सर्वांनाच वर्ज्य. महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन वेळचे जेवण सोडून त्याचे पैसे गरिबांसाठी द्यायचे. पूर्वी घरी आठवड्याला पत्र लिहिता येई, परंतु दूरध्वनी वर्षातून दोनदाच, नाताळला आणि मातृदिनाला. २०१९ पासून दर आठवड्याला घरच्यांशी बोलण्याची मुभा मिळाली. आठवड्यातला एक दिवस कपडे धुणे, बाजारहाट, केस कापणे यांसाठी मोकळा.

आणि एकट्याने कोठे जायचे नाही. जोडीदार नेमून दिलेला असतो, तोही काही आठवड्यांनी बदलतो. त्याचा स्वभाव पटो वा न पटो, त्याच्या नजरेच्या टप्प्यात राहायचे. हा नियम आपल्या श्रमणसंघाच्या वाचकाला तत्काळ ओळखीचा वाटेल. साध्वींनी तिघींपेक्षा कमी संख्येने विहार करू नये हा संकेत फार प्राचीन आहे. संरक्षण हे त्याचे एक कारण झाले. दुसरे कारण चालणाऱ्यालाच ठाऊक असते. वीस वर्षांच्या वयात मन कधी उत्साहाने भरून येते तर कधी पूर्ण रिते होते. रित्या दिवशी बरोबरचीचे पाऊल पडत असते म्हणून आपलेही पडते. वारीत दिंडीचा क्रम मोडायचा नाही म्हणतात, त्यामागेही हेच असावे.

मॉर्मन प्रचारकांची पावले मराठी मुलुखाला अगदीच नवी नाहीत. १८५२ मध्ये ह्यू फिंडले नावाचा स्कॉटिश प्रचारक मुंबईला उतरला, पुढे पुण्यास गेला. लष्करी अधिकाऱ्यांनी त्याला छावणीच्या हद्दीत प्रचार करू दिला नाही, तेव्हा त्याने हद्दीबाहेर सभा भरविल्या आणि मराठी शिकण्याची खटपट केली. त्याचा भाऊ ॲलनही येऊन मिळाला. पदरी पडले ते मोजके अनुयायी. दोन-चार वर्षांत ते कार्य आवरले गेले. त्यानंतर भारतात त्या पंथाचे स्वतंत्र मिशन बंगळुरूला सुरू झाले ते थेट १९९३ मध्ये. पुण्याच्या उन्हात परकी भाषा घोकणाऱ्या त्या माणसाचा मार्ग आपला नव्हे, त्याचे मतही आपल्याला मान्य होण्याचे कारण नाही. परंतु रोज नकार ऐकून दुसऱ्या दिवशी पुन्हा बाहेर पडण्याला जे बळ लागते, त्याची नोंद घ्यावीच लागते.

येथेच दोन वाटांमधला फरकही स्पष्ट होतो. मॉर्मन मुलगा दारात उभा राहतो तो काही सांगण्यासाठी. बहुतेक दारे नम्रपणे, काही उद्धटपणे मिटतात. घरात आलेल्याने आपला धर्म बदलावा अशी इच्छा बाळगून येणे हे आपल्या घरांना रुचत नाही, आणि त्याबद्दलची नापसंती लपविण्याचे कारणही नाही. गोचरीला निघालेली साध्वी दारात येते ती कोणाचे मत वळविण्यासाठी नव्हे. ती थोडेसे घेण्यासाठी येते, आणि नकार द्यायचाच झाला तर तोही तिच्याकडूनच येतो. तिच्यासाठी म्हणून मुद्दाम केलेले अन्न असेल, वाढणाऱ्या हाताला कच्च्या पाण्याचा स्पर्श झाला असेल, तर पात्र मागे घेतले जाते. घरची सून ओशाळते, सासू तिच्यावर डोळे वटारते. साध्वीजी शांतपणे पुढच्या घराकडे वळतात. तरुण वयात भूक लागलेली असताना, दहा किलोमीटर चालून आल्यावर, पुढ्यातली गरम पोळी नाकारून पायरी उतरणे ही सोपी गोष्ट नव्हे. ज्याने उतरायला जागा दिली त्या शय्यातराच्या घरचे तर अन्नच चालत नाही. एकाच घरावर दुहेरी भार पडू नये, ही त्यामागची दृष्टी. ज्याने खोली उघडून दिली त्या घरातल्या बाईला याचेच सर्वांत वाईट वाटते.

दुसरा फरक परतीचा. मॉर्मन मुलाच्या परतण्याचा दिवस निघतानाच ठरलेला असतो. चोवीस महिन्यांनी विमानतळावर आई, बाप, भावंडे फलक घेऊन उभी राहतात. वारकरी आषाढी करून परततो. पेरणी त्याची वाट पाहत असते. जो मुलगा आजारपणामुळे किंवा मन न रमल्यामुळे मुदतीआधी घरी येतो, त्याला त्या समाजात अपराध्यासारखे वाटते, ही व्यथा तिकडे आता उघडपणे बोलली जाते. आपल्याकडे परतीचा दिवस नसतो. आज्ञापत्रावर आईवडिलांनी सही केली की लेक संघाची झाली. तिच्या विहाराच्या वाटेवर कधी माहेरचे गाव येते. ती तेथेही स्थानकातच उतरते आणि आई चार बायकांबरोबर वंदनाला येऊन सुखसाता विचारते. शिष्य म्हणून इतरांना मिळतात तेवढेच शब्द तिलाही मिळतात. दीक्षेच्या मिरवणुकीचे आपण भरभरून वर्णन छापतो. त्या आईच्या नंतरच्या वर्षांबद्दल फारसे लिहीत नाही. आणि क्वचित एखादीला हा मार्ग झेपला नाही, ती परत आली, तर तिच्याशी व तिच्या घराशी समाज कसा वागतो, याकडेही प्रामाणिकपणे पाहण्याची वेळ आली आहे.

त्याहून तातडीचा प्रश्न रस्त्याचा आहे. विहारात वाहनाच्या धडकेने साधू-साध्वींचे प्राण गेल्याच्या बातम्या महाराष्ट्र, गुजरात, राजस्थान येथून अधूनमधून येतच असतात. रात्री चालणे शास्त्राला मान्य नाही. पण जळगाव जिल्ह्याचा वैशाख पारा पंचेचाळीस अंशांपलीकडे नेतो. सकाळी नऊनंतर डांबर अनवाणी पावलांना टेकू देत नाही. मग उन्हाआधी पल्ला गाठावा म्हणून कोठे कोठे अंधुक उजेडातच निघणे होते, आणि त्याच वेळी रात्रभर गाडी हाकलेला चालक पेंगत असतो. तळवे भाजणे किंवा वाहनाखाली येणे, यांतून निवड करावी लागावी ही स्थिती बरी नव्हे. विहारसेवेची तरुण मंडळी पुढेमागे चालतात, अंगात चकाकणारी जाकिटे घालतात, हातात लाल झेंडा किंवा विजेरी धरतात. त्यांचे कौतुक करावे तेवढे थोडे. तरीही खरा उपाय पल्ला लहान करण्याचा आहे. दर सहा-सात किलोमीटरवर उतरायला एखादी खोली, शाळेचा वर्ग, शेतातले पक्के घर मिळाले, तर सूर्य उगवल्यावर निघूनही ऊन चढण्याआधी पोहोचता येते. दीक्षामहोत्सवाच्या मंडपावर होणाऱ्या खर्चातला लहानसा भाग या कामी वळविला, तरी भुसावळ ते मलकापूर हा टप्पा सहज बांधून होईल. त्यासाठी मोठ्या इमारती नकोत. झाडू मारलेली जमीन, बंद होणारे दार आणि जवळपास पाच-सहा शाकाहारी घरे एवढे पुरते. या पट्ट्यात अशी घरे आहेत, हे वर आलेच आहे.

मुक्ताईनगरात संध्याकाळी दोन आवाज कानी येतात. मुक्ताईच्या मंदिरात हरिपाठ सुरू होतो, टाळांचा ठेका लागतो. तिकडे एखाद्या व्यापाऱ्याच्या दुकानामागच्या खोलीत दिवा न लावता प्रतिक्रमण चाललेले असते. अंधार दाटत जातो तसे बाहेर बसलेल्या श्राविकांना आतली माणसे दिसेनाशी होतात, फक्त स्वर ऐकू येतो. महामार्गावरून केळीने भरलेल्या मालमोटारी उत्तरेकडे निघालेल्या असतात.

सकाळी निघण्यापूर्वी एक लहानसा व्यवहार उरकायचा असतो. फाटलेली झोळी शिवायला काल घेतलेली सुई, बसायला घेतलेला पाट, पोथी ठेवायला आणलेली चौरंगी, या सगळ्या पडिहारी वस्तू ज्यांच्या त्यांना परत द्यायच्या. तरुण साध्वी स्वतः जाऊन सुई परत करते. घरधनीण म्हणते, ‘‘राहू द्या हो महाराज, सुईचे काय एवढे!’’ साध्वीजी हसतात आणि सुई जमिनीवर, तिच्यासमोर ठेवतात. मग मांगलिक होते. पंधरा-वीस माणसे गावाच्या सीमेपर्यंत चालत जातात. त्यांतली शाळकरी मुले घंटेच्या भीतीने आधीच मागे फिरतात. सूर्य वर आलेला असतो. चौघी जणी मलकापूरच्या रस्त्याला लागतात, एकीमागे एक, डाव्या कडेने.